परकोटाबाहेर

गाडीने अकोला सोडले, तेव्हा नुकते उजाडू लागले होते. मार्गशीर्षातील गार वारा खिडकीच्या फटींतून आत शिरत होता. बाहेर दोन्ही बाजूंस काळीभोर जमीन पसरली होती आणि तिच्यावर फुटलेल्या कापसाची पांढरी बोंडे दूरवर दिसत होती. वऱ्हाडची ती भूमी पाहताच माझे मन भरून आले. माझे बालपण अमरावतीस गेले. १९६९ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि वयाच्या बाराव्या वर्षी मी वऱ्हाड सोडले. पुढे शिक्षण, नोकरी व संसार यांत दिवस कसे निघून गेले, ते कळले नाही. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावरही ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असे म्हणता म्हणता कित्येक वर्षे लोटली. अखेरीस ५५ वर्षांनी मी माझ्या गावी चाललो होतो.

अकोल्यास माझे आजोळ होते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी तेथे कावडयात्रा निघते. गांधीग्राम येथे पूर्णा नदीचे पाणी घेऊन कावडधारी रात्रभर चालत येतात आणि सकाळी त्या पाण्याने श्रीराजेश्वराला अभिषेक करतात. मामा मला खांद्यावर बसवून ती यात्रा दाखवीत असत. अकोल्यानंतर मूर्तिजापूर येई. तेथून एक फाटा यवतमाळकडे व दुसरा अचलपुराकडे जात असे. या दोन्ही फाट्यांवर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ‘शकुंतला’ नावाची लहानशी आगगाडी धावे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता ती बंद पडली आहे. आमची गाडी मूर्तिजापुरास थांबली, तेव्हा मी उगाच खिडकीतून त्या दिशेस पाहत राहिलो. बडनेरा आले आणि मी उतरलो. पूर्वी आम्ही येथे गाडी बदलून सहा मैलांचा फाटा ओलांडून अमरावतीस जात असू. या वेळी मात्र मी रिक्षा केली.

अमरावतीत काय काय पाहावयाचे, याची यादी मी वहीत लिहून आणली होती. परकोट, अंबादेवीचे मंदिर, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान आणि वडाळीचा तलाव, ही ती ठिकाणे. या नावांखाली आणखी एक नाव मी लिहिले होते, खोडले होते आणि पुन्हा लिहिले होते. ते कोणते, हे मी पुढे सांगणारच आहे.

प्रथम परकोटाकडे गेलो. जुन्या अमरावतीभोवती दगडी तट आहे. त्यास गावात ‘परकोट’ म्हणतात. त्या काळी वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता आणि अमरावती ही कापसाची मोठी पेठ होती. आगगाडी येण्यापूर्वी येथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत नेत असत. एवढी संपत्ती जेथे, तेथे लुटारूंची दृष्टी वळणारच. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांपासून सावकार व व्यापारी यांचे रक्षण व्हावे, म्हणून १८०७ साली हा तट बांधण्यास आरंभ झाला. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल असून उंची वीस ते सव्वीस फूट होती. मोठे दरवाजे पाच आणि लहान दरवाजे चार. लहान दरवाजांना ‘खिडकी’ म्हणत. जवाहर गेट, अंबा गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही अमरावतीकरांच्या तोंडी आहेत.

आमचे घर या तटाच्या आतच होते. सायंकाळी शाळा सुटली, की आम्ही मुले तटाखाली जमत असू. ‘शिपाई आणि पेंढारी’ हा आमचा आवडता खेळ होता. शिपायांनी आत राहावयाचे व पेंढाऱ्यांनी बाहेरून यावयाचे. पेंढारी होण्यास कोणी राजी नसे. केवळ माझा एक सोबती आनंदाने पेंढारी होई आणि एकटाच खिडकीबाहेर जाऊन उभा राही. तो वर्गात माझ्याच बाकावर बसे.

आता तट कोठे ढासळला आहे, तर कोठे त्याला टेकून घरे उभी राहिली आहेत. ज्या दगडावर बसून आम्ही बोरे खात असू, तो दगड मी शोधू लागलो. इतक्यात दप्तर पाठीस लावलेला एक मुलगा माझ्याजवळ येऊन थांबला.

“आजोबा, काय पाहून राहिले?”

त्याची ती वऱ्हाडी बोली कानी पडताच माझी पंचावन्न वर्षे गळून पडली. मी त्याला परकोटाची व पेंढाऱ्यांची हकीकत सांगितली. ती त्याने लक्षपूर्वक ऐकली. मग तटाकडे पाहत तो म्हणाला, “मंग जे लोक भिंतीच्या बाहेर राहत होते, त्यायचं काय?”

मी निरुत्तर झालो. याच तटाखाली मी बारा वर्षे खेळलो होतो. पुढे चाळीस वर्षे मुलांना इतिहास व भाषा शिकविली. परंतु हा प्रश्न माझ्या मनात कधी उद्भवला नव्हता. मुलगा शाळेस निघून गेला. त्याचा प्रश्न मात्र दिवसभर माझ्याबरोबर राहिला.

अंबा गेटातून मी अंबादेवीच्या मंदिराकडे गेलो. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, ते याच मंदिरातून, अशी आख्यायिका आहे. शेजारीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. नवरात्रात आजीचे बोट धरून मी येथे येत असे. फुलांचा व कापराचा दरवळ, घंटांचा नाद आणि आजीच्या लुगड्याच्या पदराला बांधलेला प्रसाद, हे सारे मला स्पष्ट आठवले. दर्शन घेऊन मी पायरीवर बसलो आणि त्या मुलाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. या मंदिराबाहेर कोणी राहिले होते का?

होते. याच गावातील हजारो लोकांना, ते अस्पृश्य आहेत असे म्हणून, या मंदिरात येऊ दिले जात नव्हते. त्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली अमरावतीस सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख त्या चळवळीत अग्रभागी होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली येथील इंद्रभुवन नाट्यगृहात परिषद भरली होती. पुढे १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. मी आजीबरोबर येत होतो, तेव्हा हे दार सर्वांसाठी उघडे होते. परंतु ते उघडण्यासाठी कोणाकोणाला झगडावे लागले, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मंदिराला दगडी परकोट नव्हता. तरीही त्याच्याभोवती एक भिंत उभी होती. ती डोळ्यांस दिसत नव्हती एवढेच.

दुपारी मी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर गेलो. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेली ही संस्था अमरावतीचे भूषण होय. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखविले. लहानपणी आम्ही तेथील मुलांचे मल्लखांब व मनोरे तासन् तास पाहत असू आणि घरी परतल्यावर आमच्या गल्लीतील मोकळ्या जागेत त्यांची नक्कल करीत असू. मी गेलो तेव्हाही काही मुले मनोरा रचीत होती. खालची मुले पाय रोवून उभी होती आणि वरचा मुलगा हात लांब करून खालच्या मुलास वर ओढीत होता. तो पुढे आलेला हात पाहून मी मान वळविली. तेथे मला अधिक वेळ थांबवेना.

तेथून मी वडाळीच्या तलावाकडे गेलो. शहराला पाणी मिळावे म्हणून इंग्रजी अमदानीत हा तलाव बांधला होता. आता शहरास मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. तलावाच्या काठी बसून मी वही उघडली. शेवटचे नाव अजून तसेच होते. ते होते ‘तपोवन’.

बालमित्रांनो, आता तुम्हांला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

तटाखाली आनंदाने पेंढारी होणारा तो माझा सोबती आपल्या मामाकडे राहत असे. तो अभ्यासात हुशार होता आणि अंगाने माझ्यापेक्षा बळकट होता. आपल्या आईवडिलांविषयी तो कधी बोलत नसे. १९६८ सालच्या हिवाळ्यात एके दिवशी आम्ही गल्लीत मनोरा रचीत होतो. तो दुसऱ्या थरावर चढला होता. त्याच्या आधाराने मला वर चढावयाचे होते. त्याने हात पुढे केला. तेवढ्यात कोणीतरी माझ्या कानाशी कुजबुजले, “त्याचा बाप तपोवनात असतो.”

तपोवन म्हणजे कुष्ठरोग्यांची वसाहत, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. कुष्ठरोग्याला शिवू नये, त्याच्या मुलांपासूनही दूर राहावे, असे मोठ्या माणसांना बोलताना आम्ही ऐकले होते. मी त्याचा हात धरला होता, तो झटकन सोडला. इतकेच नव्हे, तर आपला हात सदऱ्याला पुसला. मनोरा मोडला. कोणास फारसे लागले नाही. माझा सोबती उठून उभा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मागील बाकावर बसू लागला. मी त्याला बोलाविले नाही. पुढल्या उन्हाळ्यात आम्ही गाव सोडले.

मुलांनो, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्यापाशी न विचारता त्याची गोष्ट सांगण्याचाच मला अधिकार नाही. मग नाव तर दूरच.

मोठा झाल्यावर मी कुष्ठरोगाविषयी पुष्कळ वाचले. हा रोग शापाने होत नाही, पापानेही होत नाही. तो एका जंतूमुळे होतो, हे नॉर्वेमधील हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली शोधून काढले. तो आईबापांकडून वारशाने मुलांना मिळत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घकाळच्या निकट सहवासानेच तो पसरू शकतो आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती असतेच. हात हातात घेतल्याने तो होत नाही. १९८३ पासून आपल्या देशात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. तिच्यामुळे सहा महिने ते एक वर्ष एवढ्या अवधीत रोगी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यांत ही औषधे विनामूल्य मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि तेथील स्पर्शाची जाणीव नाहीशी झाली, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर उपचार झाल्यास हातापायांना व्यंग येत नाही. हे सारे ज्ञान मी मिळविले, शेकडो विद्यार्थ्यांना सांगितले. तथापि अमरावतीस जाऊन तपोवनाच्या दारात उभे राहण्याचे धैर्य मात्र मला झाले नव्हते.

तलावाकाठून मी उठलो आणि तपोवनाची वाट धरली. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्याच्या जवळच तपोवन आहे. माझ्या लहानपणी हा भाग गावापासून दूर वाटे. आता शहर त्याच्याजवळ येऊन पोहोचले आहे.

तपोवनाचे संस्थापक डॉ. शिवाजीराव पटवर्धन होत. लोक त्यांना आदराने दाजीसाहेब म्हणत. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला होता. ज्या काळी कुष्ठरोगी दिसला, की लोक दार लावून घेत, त्या काळी, १९४६ साली, त्यांनी या रोग्यांसाठी येथील माळावर वसाहत उभारण्यास आरंभ केला. भिक्षा घालून त्यांना दूर ठेवावयाचे नाही, तर औषध, निवारा आणि हाताला काम देऊन त्यांना स्वाभिमानाने जगू द्यावयाचे, हा त्यांचा विचार होता. १९५९ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. गावाने ज्यांना भिंतीबाहेर घातले, त्यांच्यासाठी दाजीसाहेबांनी भिंतीबाहेरच गाव वसविले. सकाळच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे उभे होते.

आत शिरताच मोठमोठ्या वृक्षांची सावली लागली. एका ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ ऊन खात बसले होते. त्यांच्या हातांची बोटे आखडलेली होती. रोग पूर्ण बरा झाला, तरी त्याने एकदा केलेली हानी भरून निघत नाही. त्यांना बरे होऊन अनेक वर्षे झाली होती. मला पाहताच त्यांनी उभे राहून दुरूनच नमस्कार केला आणि विचारले, “कोनाले भेटाले आले, बाप्पा?”

मी माझ्या सोबत्याच्या वडिलांचे नाव सांगितले. ते थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “होते. लय वर्सं झाले त्याले जाऊन. पोरगा येत जाये भेटाले. दर रविवारी येये. मोठा झाल्यावर नोकरीले दूर गेला, तरी बापाले भेटाले यायचा. त्याच्या हाताचं जेवल्याशिवाय बाप जेवत नसे.”

मी खाली पाहिले. ज्या हाताला मी शिवलो नाही, तोच हात दर रविवारी येथे येऊन आपल्या पित्याला घास भरवीत होता.

तो कोठे आहे, हे त्या आजोबांना ठाऊक नव्हते. मी निघालो. त्यांनी पुन्हा दुरूनच हात जोडले. जन्मभर लोक दूर राहिले, म्हणून तेही दुरूनच नमस्कार करण्यास शिकले होते. मी ओसरी चढून वर गेलो आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी माझे हात तसेच धरून ठेवले.

“गुर्जी, तुमचे हात लय थंडे हायेत,” ते म्हणाले. “बसा इथं थोडसं उनात.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही कापसाविषयी, पावसाविषयी आणि जुन्या अमरावतीविषयी बोललो. ऊन ओसरीवरून खाली उतरले, तेव्हा मी त्यांचा निरोप घेतला.

सायंकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता मी वहीतील यादीवर नजर टाकली. सर्व ठिकाणे पाहून झाली होती. पूर्वीचे पुष्कळ काही आता उरलेले नाही, याचे मला वाईट वाटले. परंतु बालपणी जे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी पाहिले नव्हते, ते या वेळी पाहिले. माझ्या सोबत्याची क्षमा मला मागता आली नाही. पंचावन्न वर्षे उशीर केल्यावर ती मागावयास मिळेल, अशी अपेक्षाही मी कोणत्या तोंडाने करावी?

बालमित्रांनो, तुम्हांला अजून एवढा उशीर झालेला नाही. तुमच्याही वर्गात कोणीतरी मागील बाकावर एकटा बसत असेल. तो तेथे का बसतो, याचा विचार करा. त्याला आपल्या शेजारी बोलवावयाचे असेल, तर ते उद्याच करता येईल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा :
(अ) अमरावतीचा परकोट कोणापासून रक्षण व्हावे म्हणून बांधण्यात आला?
(आ) १९२७ साली अमरावतीस कोणती चळवळ झाली?
(इ) कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध कोणी व कोणत्या साली लावला?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा :
(अ) शाळकरी मुलाच्या प्रश्नाने लेखक निरुत्तर का झाले?
(आ) लेखकांनी तपोवनाचे नाव यादीत लिहून का खोडले असावे?
(इ) ‘मंदिराला दगडी परकोट नव्हता, तरीही त्याच्याभोवती एक भिंत उभी होती.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. पुढील वऱ्हाडी वाक्ये प्रमाण मराठीत लिहा :
(अ) आजोबा, काय पाहून राहिले?
(आ) कोनाले भेटाले आले, बाप्पा?
(इ) गुर्जी, तुमचे हात लय थंडे हायेत.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा :
मन भरून येणे, निरुत्तर होणे, अग्रभागी असणे, निरोप घेणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारा. ती कोणी, केव्हा व कशासाठी बांधली, हे दहा-बारा ओळींत लिहा.